खोलीतलं गाणं : खानदेशातले संगीत-क्लास आणि त्यांच्या बैठकी



खानदेशच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण किल्ल्यांवर बोलतो, कापसावर बोलतो, फार तर १९३६च्या फैजपूर काँग्रेसवर बोलतो. आज आपण एका खोलीवर बोलणार आहोत. ही खोली तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. जळगावात पाहिली असेल, धुळ्यात पाहिली असेल, अमळनेर-चाळीसगावलाही पाहिली असेल. दारावर संगीत विद्यालयाची लहानशी पाटी असते. आत सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा, दोन-तीन पेट्या, तबल्याची जोडी, भिंतीवर विष्णु दिगंबर पलुस्करांची तसबीर. संध्याकाळी पाच ते आठ तिथे मुलं शिकतात. आणि वर्षातून काही वेळा त्याच सतरंजीवर तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसतात आणि एखादा गवई त्यांच्यापासून चार हातांवर बसून गातो.

म्हणजे शिकवणीची खोली आणि मैफलीची खोली एकच. यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. आमचा विषय तत्त्वज्ञान. आयुष्य त्यातच गेलं. त्यामुळे नेहमीच्या वस्तूकडे बघून ‘हे असं का आहे’ असं विचारायची खोड लागलेली आहे. ही दोन कामं एका खोलीत का आली, ती वेगळी झाली तर काय होतं, आणि आपल्या खानदेशात या खोलीला एवढं महत्त्व का, हे तीन प्रश्न आज घेऊ.

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर भूगोलात आणि राज्यकारभारात आहे. हिंदुस्थानी संगीताचा इतिहास बराचसा दरबारांचा इतिहास आहे. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदा, कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी ही नावं घेतली की गायकांची नावं आपोआप येतात. संस्थानिक पगार द्यायचा, राहायला घर द्यायचा, आणि गवई निश्चिंतपणे रियाज करायचा. खानदेशात असा आश्रय नव्हता. एके काळी फारुकी सुलतान इथे राज्य करत होते. आधी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. पण १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेश थेट इंग्रजांच्या अंमलाखाली गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. कलेक्टर कचेरी आली, कोर्ट आलं, तुरुंग आला. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. या सगळ्यात गवयाला पोसणारा दरबार कुठेच नाही.

मग इथे होतं कोण? कापसाचे व्यापारी होते, वकील होते, मामलेदार कचेरीतले कारकून होते, शाळामास्तर होते आणि रेल्वेची माणसं होती. मुंबईहून निघालेली गाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे किंवा उत्तरेकडे जाते. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला १९०० साली. मुंबई-आग्रा रस्ता तर धुळ्यातूनच जातो. हाच रस्ता पुढे इंदुरावरून ग्वाल्हेरला पोचतो. म्हणजे गाण्याची मोठी ठिकाणं आपल्या दोन्ही बाजूंना, आणि आपण मधल्या वाटेवर. वाटेवरच्या गावाला दरबार परवडत नाही, पण मुक्कामाची खोली परवडते. खानदेशातल्या संगीताच्या क्लासचं मूळ आम्ही या साध्या परिस्थितीत बघतो.

याचा अर्थ खानदेशात गाणं नव्हतं असा करू नका. गाणं घराघरात होतं. कानबाईच्या रोटांच्या रात्री बाया गातात, गुलाबाईची गाणी मुली म्हणतात, वहीगायनाच्या रात्री गावच्या गाव जागतं. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची कविता तर जात्यावर आणि शेतात काम करता करताच आली. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरच्या लाड कुटुंबातली शेवंती दीनानाथ मंगेशकरांच्या घरी गेली, आणि लता मंगेशकरांनी लहानपणी आपल्या या आजोळच्या आजीकडून गुजराती गरबे ऐकून ऐकून उचलले. हे सगळं गाणं मुलं शिकली कशी? कुणी समोर बसवून शिकवलं नाही. ऐकत ऐकत आलं. घरगुती गाण्यात ऐकणं आणि शिकणं वेगळं नसतंच. ते वेगळं पडण्याचा धोका शास्त्रीय संगीतात असतो, कारण तिथे शिकवावं लागतं.

हा धोका जुन्यांना ठाऊक होता. आपल्या शेजारच्या देवगिरीला तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. त्या चांगदेवाने आपल्या चाळीसगावजवळ पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याचा शिलालेख आजही आहे. लहान जागेत एखादी विद्या धरून बसायची खानदेशची सवय बरीच जुनी आहे म्हणायची. तर हा शार्ङ्गदेव गायकांचे पाच प्रकार सांगतो. शिक्षाकार म्हणजे काही हातचं न राखता नीट शिकवणारा. अनुकार म्हणजे दुसऱ्याची बरहुकूम नक्कल करणारा. रसिक स्वतः रसात बुडतो. रंजक ऐकणाऱ्यांना रिझवतो. भावुक गाण्यात आपल्याकडून काही भर घालतो. यात आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते असं, की शिकवणारा हा त्याच्या लेखी गायकाचाच एक प्रकार आहे. गाता येत नाही म्हणून शिकवतो, असा हिशेब त्याच्याकडे नाही. हे पाच शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता जळगावला येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक मुलगा जळगावात राहायला होता. जन्म १८८८ सालचा, सांगलीकडच्या नागठाण्याचा. गळा विलक्षण गोड. जळगावात मेहबूबखाँ नावाचे उस्ताद होते. त्यांच्याकडे नारायण गायनाचे पहिले धडे शिकला. लहान वयातलं त्याचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं, ही कथा सर्वांना माहीत आहे. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ साली भास्करबुवांच्या चालींवरचं ‘स्वयंवर’ आलं. तो सगळा इतिहास तुम्हाला पाठ आहे.

पण आपण जरा त्या पहिल्या पायरीवर थांबू. दरबार नसलेल्या एका व्यापारी गावात एक मुसलमान उस्ताद, आणि त्याच्यासमोर बसलेलं एक ब्राह्मणाचं पोर. दोघांच्या घरी बोली वेगळी, देव वेगळा, चूल वेगळी. त्या काळी एकाने दुसऱ्याकडे पाणी प्यावं की नाही हाही प्रश्न होता. आणि तरी षड्ज एकाने लावायचा आणि दुसऱ्याने तो तंतोतंत उचलायचा, याला कुणाची आडकाठी झाली नाही. आज मेहबूबखाँचं नाव बालगंधर्वांच्या चरित्रात एखाद्या वाक्यात येतं आणि पुढे सरकतं. शार्ङ्गदेवाच्या भाषेत हे शिक्षाकार. मराठी रंगभूमीच्या सर्वात लाडक्या गळ्यावर पहिला हात ज्यांनी फिरवला, त्यांच्या वाट्याला इतिहासात एक ओळ आली. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

त्यानंतर विसावं शतक उजाडलं. ५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुस्कर कुरुंदवाडचे, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. त्यांनी दरबार सोडला आणि लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर शाळा चालवली. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा, पदवीदान असं सगळं आधुनिक शाळेसारखं केलं. याआधी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहायचं, त्याची मर्जी सांभाळायची. प्रतिष्ठित घरच्या मुलींना तर तो रस्ता बंदच होता. पलुस्करांनी तो उघडला. हे ऋण कधीही विसरता कामा नये.

आता एक गंमत बघा. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मे १९०१ला, लंडनमध्ये बेखश्टाइन हॉल सुरू झाला. बेखश्टाइन ही पियानो बनवणारी जर्मन कंपनी. तिने आपल्या दुकानाशेजारीच जेमतेम साडेपाचशे माणसांचं एक सभागृह बांधलं. आज ते विगमोर हॉल म्हणून जगप्रसिद्ध आहे. जवळ बसून ऐकायचं संगीत मोठ्या थिएटरात हरवतं, हे तिथल्या लोकांनाही कळलेलं होतं. त्याही आधी शोपँ पॅरिसमध्ये उपजीविका करायचा ती मुख्यतः शिकवण्या घेऊन. जाहीर कार्यक्रम त्याने आयुष्यात मोजकेच केले. वाजवायचा तो दिवाणखान्यात, ओळखीच्या माणसांत. म्हणजे शिकवणी आणि लहान बैठक यांची जोडी ही काही आपलीच खासियत नाही. संगीत जिथे बारकाव्यावर उभं असतं, तिथे ती जुळतेच.

लाहोरची शाळा वाढली. मुंबईत शाखा आली, १९०८ साली. मग मोठी इमारत बांधायला घेतली, कर्ज काढलं, आणि शेवटी ती इमारत त्या कर्जापायीच हातची गेली. पलुस्कर नाशिकला जाऊन रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. इमारत गेली, पण परीक्षा राहिली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. गावोगावच्या लहान क्लासांना या परीक्षांनी एक कणा दिला. जळगावच्या, धुळ्याच्या, नंदुरबारच्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या आईवडिलांना सांगता येऊ लागलं, की तुमची मुलगी अमुक वर्षात अमुक इयत्तेला पोचेल. मध्यमवर्गीय घराला हे समजतं. परीक्षा नसत्या तर खानदेशात शंभरातले नव्वद क्लास निघाले नसते, असा आमचा अंदाज आहे.

पण मंडळी, प्रत्येक सोयीची एक किंमत असते. परीक्षेला काय लागतं? रागाची माहिती, आरोह-अवरोह, वादी-संवादी, एक बडा ख्याल, काही छोटे ख्याल, ठरावीक आलाप-ताना. हे सगळं वहीत उतरवता येतं. वहीत उतरवता येतं म्हणून घोकता येतं. आणि घोकता येतं म्हणून एखादा विद्यार्थी यमन एकदाही पूर्ण न ऐकता यमनात पास होऊ शकतो. इथे शिकणं आणि ऐकणं यांची ताटातूट झाली. दुसऱ्या बाजूने ऐकणंही क्लासमधून निघून गेलं. ते थिएटरात गेलं, महोत्सवांत गेलं, रेडिओवर गेलं, आणि आता खिशातल्या मोबाईलमध्ये गेलं.

ही ताटातूट टाळता येते हे दाखवणारं एक उत्तम उदाहरण मुंबईत घडलं. पलुस्करांचेच शिष्य बा. र. देवधर. मिरजेचे, जन्म १९०१ सालचा. त्यांनी १९२५ साली मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ आपली संगीत शाळा काढली. देवधर मास्तर मोठे कुतूहलाचे गृहस्थ. पाश्चात्त्य संगीत शिकले, आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास केला, निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून चिजा मिळवल्या. त्यांच्या शाळेत वर्ग चालायचे आणि त्याच जागेत बैठकीही व्हायच्या. मोठमोठे गवई तिथे येत, गात, गप्पा मारत. घराण्याची तटबंदी त्या दाराशी थोडी सैल व्हायची. या सहवासातूनच पुढे देवधरांचं ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक आलं. मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचंही संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं.

या शाळेत १९३५-३६च्या सुमारास बेळगावकडचा अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. शिवपुत्र कोमकाळी, म्हणजेच कुमार गंधर्व. हा मुलगा तेव्हाच प्रसिद्ध होता. मोठ्या गायकांच्या रेकॉर्डी ऐकून तो त्या जशाच्या तशा गायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे. शार्ङ्गदेवाच्या भाषेत हा अनुकार, आणि तोही अव्वल दर्जाचा. देवधरांपुढे प्रश्न होता तो नक्कल करणाऱ्याला गायक करण्याचा. ते कसं झालं असेल? एक तर पद्धतशीर शिक्षण मिळालं. दुसरं म्हणजे त्याच खोलीत वेगवेगळ्या घराण्यांचे लोक समोर बसून गाताना ऐकायला मिळाले. रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांची, त्यात गायकाने आधीच ठरवून आणलेलं असतं. बैठकीत मात्र गायक विचार करताना दिसतो. एखादी जागा घ्यायला जातो, जमत नाही, परत फिरतो, दुसऱ्या वाटेने येतो. ही धडपड पाहिलेल्या मुलाला कळतं, की गाणं ही पाठ केलेली वस्तू नाही, तो चालू असलेला विचार आहे. १९४८ साली देवासला गेलेले कुमार पुढे काय झाले ते आपण जाणतो. अनुकारापासून भावुकापर्यंतचा हा प्रवास, आणि त्याची बरीचशी पूर्वतयारी एका शाळेतल्या खोलीत झालेली.

पुण्यात भास्करबुवांनी १९११ साली सुरू केलेल्या भारत गायन समाजातही शिकवणं आणि ऐकणं एकाच छपराखाली होतं. मुंबई-पुण्याची ही उदाहरणं आम्ही सांगतो ती तिथल्या मोठेपणासाठी नाही. मुंबईत एखाद्या शाळेने बैठक केली नाही तर दुसरीकडे दहा बैठकी होतील. धुळ्यात क्लासने बैठक केली नाही तर ऐकायचं कुठे? म्हणून जे मुंबईत चांगलं, ते खानदेशात गरजेचं.

आता आमच्या विषयाकडे वळू द्या. वेदान्तात ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, श्रवण, मनन आणि निदिध्यासन. आधी ऐकायचं, मग त्यावर विचार करायचा, मग त्याचा ध्यास घ्यायचा. हा क्रम उलटा करता येत नाही. आपल्या क्लासमध्ये निदिध्यासन म्हणजे रियाज असतो, परीक्षेपुरतं मनन असतं, आणि श्रवणाला तास नसतो. पायाच नाही आणि आपण मजले चढवतो.

दुसरा आधार ग्रीसचा. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’च्या शेवटच्या भागात एक फार व्यवहारी प्रश्न विचारला आहे. धंदेवाईक वादक चांगलं वाजवतात, आपण ऐकावं आणि आनंद घ्यावा. मग आपल्या मुलांनी स्वतः वाजवायला कशाला शिकायचं? स्पार्टाचे लोक म्हणायचे, आम्ही शिकत नाही, तरी आम्हाला चांगलं-वाईट कळतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, ज्याने स्वतः केलेलं नाही त्याला नीट पारख येणं कठीण आहे. म्हणून लहानपणी शिकावं, आणि मोठेपणी वाजवणं सुटलं तरी चालेल, कारण पारख उरते. लहान मुलांना तर खुळखुळा द्यावा, म्हणजे ती घरातल्या वस्तू फोडणार नाहीत, असंही तो जाता जाता सांगतो. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांना हे पटेल.

या युक्तिवादाने आपल्या क्लासकडे पाहण्याची नजर बदलते. जळगावच्या एका क्लासमध्ये समजा चाळीस मुलं आहेत. त्यातला एखादाच पुढे गायक होईल. कदाचित एकही होणार नाही. मग उरलेल्या एकोणचाळीस जणांचं शिक्षण वाया गेलं का? आईवडील असंच समजतात. दहावी आली, क्लास बंद. लग्न झालं, पेटी माळ्यावर. शिक्षकही मनातून खचतात, की इतकी वर्षं शिकवून गायक एकसुद्धा निघाला नाही. आमचं म्हणणं असं आहे की त्या एकोणचाळीस जणांत क्लासचं खरं काम दिसतं. ते श्रोते आहेत. गवई उत्तरेतून आणता येतो, पुण्यातून आणता येतो. बिदागी दिली की तो येतो. श्रोता बाहेरगावाहून आणता येत नाही. तो गावातच तयार करावा लागतो, आणि त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. क्लासमध्ये शिकलेला कान आणि बैठकीत मुरलेला कान, असे दोन्ही मिळाले की श्रोता होतो.

जळगावात आज वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरवतं आणि देशभरातले कलावंत तिथे येतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण महोत्सवाला जाणकार श्रोता लागतो, आणि तो तयार होतो गल्लीतल्या त्या खोलीत. महोत्सव म्हणजे पीक, आणि क्लास म्हणजे वाफा. केळीच्या मुलखातल्या लोकांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

लहान खोलीतच काय असं मिळतं, असं कुणी विचारेल. पहिली गोष्ट म्हणजे मायक्रोफोन नाही. आवाज आहे तसा ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली तर चार तारांतून गंधार कसा आपोआप निघतो, ते स्पीकरमधून कळत नाही. शेजारी बसून कळतं. दुसरी गोष्ट, तयारी दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. कोरड्या उन्हाळ्यात तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. पावसाळ्यात ती सैल पडते. वादक हातोडीने गठ्ठे ठोकतो, पुन्हा पुन्हा कान लावतो. मोठ्या सभागृहात हे पडद्यामागे उरकलेलं असतं. खोलीत मुलं ते बघतात आणि शिकतात, की सूर ही सांभाळावी लागणारी गोष्ट आहे. तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याला काम मिळतं. तंबोऱ्यावर मागे बसायचं, खुंटी उतरली तर हळूच सांभाळायची, पाणी द्यायचं, आणि गवयाने मागे वळून खूण केली तर एखादा स्वर भरायचा. त्या एका स्वरासाठी मुलगी महिनाभर झोपत नाही. कुठल्याही परीक्षेत अशी झोप उडत नाही. चौथी गोष्ट दाद. कुठे ‘वा’ म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे शेजारच्या म्हाताऱ्या श्रोत्याकडे बघून कळतं. ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

आता आक्षेप बघू. पहिला आक्षेप असा, की चाळीस माणसांची बैठक म्हणजे निवडक लोकांची चैन. हा आक्षेप खोटा नाही. जुन्या मैफली वाड्यात, दिवाणखान्यात होत. कुणी आत यायचं, कुणी पायरीवर बसायचं, हे जातीने आणि पैशाने ठरायचं. बाईने गायचं, तर तिच्या प्रतिष्ठेचा प्रश्न यायचा. ते दिवस परत यावेत असं कुणी म्हणू नये. पण क्लासची बैठक आणि वाड्याची मैफल यांत फरक आहे. क्लासला फी भरून येणारं मूल रिक्षावाल्याचं असेल, कापूस दुकानदाराचं असेल, शिक्षिकेचं असेल. त्याच्याबरोबर त्याची आई येते, आजी येते. घरी अहिराणी बोलणारी आजी ब्रज भाषेतली बंदिश ऐकत बसते आणि तिला शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, कारण रात्रभर कानबाईची गाणी म्हटलेला तिचा कान आहे. दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं, हे क्लासच्या हातात असतं. ते उघडं असलं पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. समजा तीस-पस्तीस श्रोत्यांनी प्रत्येकी दोनशे रुपये दिले, तर सहा-सात हजारांत बिदागी, गाडीभाडं, चहा सगळं बसवायचं. नावाजलेला कलावंत यात येणार नाही, हे उघड आहे. पण तरुण, होतकरू कलावंत येतो, आणि त्याला या खोलीची गरज आपल्याइतकीच असते. त्यालाही जाणकार श्रोत्यांपुढे चूक करायची, सुधारायची संधी हवी असते. पलुस्करांच्या इमारतीचं जे झालं त्यावरून एवढं घ्यावं, की जागा लहान असली म्हणजे तिच्या डोक्यावर कर्ज राहत नाही. ती बंद पडली तरी पुन्हा सुरू होऊ शकते.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा. मोबाईलवर सगळं आहे, भीमसेन आहेत, किशोरीताई आहेत, मग खोलीत कशाला जायचं? खरं आहे, आमच्या पिढीला एक रेकॉर्ड ऐकायला कुणाच्या तरी घरी जावं लागे. ऐकण्याची सामग्री एवढी कधीच नव्हती. पण मोबाईलवर आपण गाणं मध्येच थांबवतो, पुढे सरकवतो. बैठकीत तसं करता येत नाही. विलंबित ख्यालाची पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, तरी बसावं लागतं, कारण चारजण बसलेले असतात. आणि मग कधीतरी समेवर येताना सगळ्यांची मान एकदम हलते. ही मान एकट्याने हलवता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, मेहबूबखाँची. त्यांची खोली जळगावात नेमकी कुठे होती, कोण कोण शिकायला यायचं, कोण पाहुणे गवई उतरायचे, हे सांगणारा कागद आपल्यासमोर नाही. धुळ्याच्या माणसांना कागदाचं मोल सांगायची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरी फिरून दप्तरं गोळा करायचे. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याआधीपासून शंकर श्रीकृष्ण देवांची सत्कार्योत्तेजक सभा धुळ्यात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवतच होती. राजकारणाचं दप्तर आपण जपलं, संतांची बाडं जपली. गाण्याच्या क्लासचं दप्तर मात्र कुणाला दप्तर वाटलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीत, जळगाव-धुळ्यात, भुसावळ-अमळनेरात, जे जुने संगीत-क्लास आहेत किंवा होते, त्यांच्या घरी जा. हजेरीपुस्तकं असतील, फीच्या वह्या असतील, गुरुपौर्णिमेच्या आणि पलुस्कर पुण्यतिथीच्या निमंत्रणपत्रिका असतील, बैठकीत टिपलेल्या कॅसेटी असतील, हाताने लिहिलेल्या चिजांच्या वह्या असतील. शिक्षक गेले की मुलं घर आवरतात आणि हे सगळं रद्दीत जातं. ते जाण्याआधी त्याचे फोटो काढा, तारखा लिहा, कोण गायलं आणि तंबोऱ्यावर कोण होतं ते लिहा. आणि जे क्लास आज चालू आहेत त्यांनी एक वही घालावी. प्रत्येक बैठकीची तारीख, कलावंताचं नाव, राग, आणि उपस्थित विद्यार्थ्यांची नावं. पाच मिनिटांचं काम आहे.

वर्षाला चार बैठकी झाल्या तर दहा वर्षांत चाळीस नोंदी होतील. त्या चाळीस नोंदी म्हणजे त्या गावाच्या कानाचा इतिहास असेल. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला आहे. कुणाकडे अशी वही असेल तर प्रश्नाच्या आधी तिच्याबद्दलच सांगा, आम्हाला ती ऐकायला जास्त आवडेल.